भात घरचा, हुमण बाहेरचं: गोव्यात कमी खर्चात तयार जेवणाची सोय

सावंतवाडी, कुडाळ, चंदगड, बेळगाव या भागांतून गोव्यात नोकरीला किंवा शिकायला आलेल्या माणसाचा पहिल्या महिन्याचा पगार बहुतेक वेळा जेवणात जातो. खोलीचं भाडं ठरलेलं असतं, बसचा पास ठरलेला असतो. जेवणाचा खर्च मात्र रोज दुपारी नव्यानं ठरतो आणि तोही पोटात कावळे ओरडत असताना. खोलीवर पूर्ण स्वयंपाक करायला वेळ नाही, जागा नाही, कधी घरमालकाची परवानगीही नाही. मग थाळी, डबा, भाजीपाव, पाकीट किंवा मोबाइलवरून मागवलेलं जेवण, यांतूनच निवड करायची असते. ती कशी करावी, किती पैशांत किती अन्न यायला हवं आणि कुठे फसगत होते, हे पुढे क्रमानं सांगितलं आहे. लेखातल्या किमती हिशेब दाखवण्यापुरत्या घेतल्या आहेत. त्यांच्या जागी तुमच्या भागातल्या किमती घाला, रीत तीच राहील.

सगळ्या लेखाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: कालवण बाहेरून घ्या, भात घरी लावा. तयार जेवणात सर्वांत जड आणि सर्वांत स्वस्त भाग भाताचाच असतो. नारळाचं वाटण, मासळी साफ करणं, तळणं या गोष्टी खोलीवर करणं अवघड, म्हणून त्यांचे पैसे मोजणं रास्त आहे. भाताचे मोजू नयेत.

आधी ताट मोजून घ्या

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. पहिल्याच आठवड्यात तो कामाला येतो. जे जेवण तुम्ही नेहमी घेता त्याचं एक पार्सल खोलीवर आणा आणि प्रत्येक पदार्थ वेगळा काढून तोला. समजा 180 रुपयांच्या नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, थाळीच्या पार्सलमध्ये असं निघालं: भात 350 ग्रॅम, हुमण (नारळाच्या वाटणाचं माशाचं कालवण) 180 ग्रॅम, तळलेला एक बांगडा, भाजी 60 ग्रॅम, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) दोन चमचे, सोलकढीची छोटी पिशवी, लोणचं. हातात घेताना पिशवी जड लागते, पण त्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग भाताचा आहे.

आता भाताची किंमत पाहा. 100 ग्रॅम तांदळाचा साधारण 250 ते 300 ग्रॅम भात होतो. तांदूळ 60 रुपये किलो धरला तर 100 ग्रॅमचे 6 रुपये. लहान राइस कुकर 400 वॅटचा असेल आणि अर्धा तास चालला तर 0.2 युनिट वीज जाते. म्हणजे भात सगळं मिळून सात-आठ रुपयांत झाला. त्याच खाणावळीत नुसतं हुमण आणि तळलेला बांगडा 110 रुपयांना मिळत असेल, तर जेवण 118 रुपयांत पडतं. थाळीपेक्षा 62 रुपये कमी. महिन्याला 22 जेवणं धरली तर 1,364 रुपये वाचतात. साधा छोटा कुकर दोन महिन्यांच्या बचतीत निघून येतो.

दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे प्रथिनं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे. 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. तीन वेळच्या खाण्यात ती वाटली तर प्रत्येक जेवणातून 15 ते 20 ग्रॅम यायला हवीत. मध्यम आकाराच्या एका बांगड्याच्या खाण्याजोग्या मांसातून 15 ग्रॅमच्या आसपास मिळतात, एका अंड्यातून 6. पातळ डाळीच्या वाटीतून मात्र तीन-चार ग्रॅमच येतात, मग ती वाटी कितीही मोठी दिसो. जेवणाच्या किमतीला प्रथिनांच्या ग्रॅमनी भागलं की कुठलं जेवण खरंच परवडतं ते लगेच कळतं. ज्या जेवणानं दोन तासांत पुन्हा भूक लागते, त्यात बहुधा हाच आकडा कमी असतो, आणि संध्याकाळी त्याच भुकेपायी सामोसे-बिस्किटांवर वेगळे पैसे जातात.

खाणावळ कशी ओळखायची

गोव्यात चांगली स्वस्त खाणावळ सहसा समुद्रकिनाऱ्यापासून आत असते. कळंगुट-बागा-कांदोळी पट्ट्यात पर्यटनाच्या हंगामात त्याच थाळीला जास्त पैसे पडतात, कारण तिथे भाडं आणि गिऱ्हाईक दोन्ही वेगळे. पणजीत मार्केट आणि कदंब बसस्थानकाचा परिसर, म्हापसा, फोंडा, मडगावचे बाजार, वेर्णा-कुंडई-डिचोलीसारख्या औद्योगिक वसाहतींच्या तोंडावरच्या खानावळी, ही जागा शोधायची. जिथे बसचालक, बँकेतले कर्मचारी, दुकानदार रोज जेवतात तिथे मालकाला उद्याही तेच गिऱ्हाईक हवं असतं. त्यामुळे तिथे शिळं वाढण्याची सोय कमी.

जाण्याची वेळ साडेबारा ते सव्वाएक. तेव्हा भात नुकता उतरलेला असतो, मासळी तव्यावर येत असते. अडीचनंतर मासा आधी तळून ठेवलेला मिळतो, भाजी संपलेली असते आणि पैसे तेवढेच.

बसल्यावर चार गोष्टी विचारा, खाण्याआधी. थाळीत तळलेला मासा धरला आहे की वेगळा? भात आणि हुमण परत मिळतं का? आज मासा कोणता? आणि तळलेल्या माशाची किंमत किती? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गोव्यात मेनूकार्डावर इसवण (सुरमई), चोणक, पापलेट यांच्या समोर किमतीऐवजी 'एपीएस' लिहिलेलं असतं, म्हणजे आकारानुसार किंमत. न विचारता मागवलात तर थाळीपेक्षा माशाच्या तुकड्याचं बिल मोठं येऊ शकतं. यात दुकानदाराची लबाडी नसते, मासळीचा भावच रोज बदलतो. पण विचारणं आपलं काम. कोकणीतून "शीत परत मेळटलें?" एवढं विचारलं तरी वाढणारा माणूस मोकळेपणानं सांगतो.

मासा निवडताना नावाला भुलू नका. इसवणाच्या पातळ कापापेक्षा दोन तारले किंवा एक बांगडा पोटाला आणि खिशाला जास्त देतो. रव्यात तळलेला मासा मोठा दिसतो, त्यातला काही भाग रव्याचा आणि तेलाचा असतो. मसाला लावून तव्यावर भाजल्यासारखा तळलेला घेतला तर माशाचा खरा आकार दिसतो. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं मागवलं की वाटी भरून येते, पण तिच्यात वजन शिंपल्यांचं जास्त असतं. मांस वेगळं काढून मोजलं तर चमचा-दोन चमचेच भरतं. चवीसाठी जरूर खा, मुख्य पदार्थ म्हणून धरू नका. शिजल्यावरही न उघडलेली तिसरी बाजूला काढा, ती खायची नाही.

मोरीच्या (लहान शार्क माशाच्या) आंबट-तिखाला अमोनियाचा, म्हणजे गोठ्यासारखा उग्र वास आला तर ताट परत करा. मोरीच्या मांसात युरिया असतो आणि मासा जुना झाला की त्याचा अमोनिया होतो. बांगडा, तारले, कुप्पा यांच्या बाबतीत वेगळा धोका आहे. हे मासे बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टमिन तयार होतं. ते शिजवल्यानं किंवा तळल्यानं जात नाही. पहिल्याच घासाला जीभ चुरचुरली, मिरी चावल्यासारखं लागलं, तर तिथेच थांबा. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधडणं ही त्याची लक्षणं. मासळीची ॲलर्जी नसलेल्या माणसालाही हे होतं. श्वासाचा त्रास झाला तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

वर्षभर एकच यादी चालत नाही

1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या काळात थाळीतला मासा गोठवलेला, नदी-खाडीतला किंवा बाहेरून आलेला असतो, आणि महाग असतो. दोन महिने तळलेल्या माशाचा हट्ट सोडला तर खर्च वाढत नाही. सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, सुक्या बांगड्याचं खारं, अंड्याची करी, अळसांद्याचं (चवळीचं) किंवा वाटाण्याचं तोंडाक, म्हणजे कडधान्याचं कालवण, हे पावसाळ्याचं जेवण आहे आणि खानावळीतही तेव्हा ते मन लावून केलेलं असतं. सुकी मासळी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाआधी, मे महिन्यात घेऊन ठेवावी. पाव किलो सुकं सुंगट हवाबंद डब्यात ठेवलं तर एका माणसाला दोन महिन्यांचं किसमूर होतं. कोरड्या तव्यावर भाजायचं, कांदा, खोबरं, आमसूल चुरडायचं, झालं.

श्रावणात अनेक हिंदू घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण असतं, खाणावळीही थाळी बदलतात. सोमवारीही बरेच जण मासळी खात नाहीत. अशा दिवशी शिवराक थाळी घेणं फायद्याचं, कारण तीच त्या दिवशी जास्त खपते आणि ताजी असते. मुगागाठी (मुगाची उसळ), खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण), तोंडाक असेल तर पैसे वसूल. बटाट्याची सुकी भाजी, पापड आणि पातळ डाळ एवढंच असेल तर ती थाळी पिष्टमयच आहे, सोबत दही किंवा एक उकडलेलं अंडं जोडा.

भाजीपाव आणि रोस ऑम्लेट

कमी पैशांत गरम, ताजं आणि पोटभर असं गोव्यात काही असेल तर ते सकाळचं भाजीपाव. पण भाजी कोणती यावर सगळं अवलंबून आहे. बटाट्याची सुकी भाजी आणि दोन पाव म्हणजे पिठावर पीठ. अळसांद्याची, चण्याची किंवा वाटाण्याची पातळ भाजी तेवढ्याच किमतीत मिळते आणि कडधान्यामुळे दुपारपर्यंत टिकते. बऱ्याच ठिकाणी मिक्स भाजी मिळते, म्हणजे सुक्या भाजीवर पातळ भाजी. मागताना "पातळ जास्त घाला" म्हणायचं.

पाव पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घ्या. तो सकाळी आणि संध्याकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येतो. खोली मुख्य रस्त्यापासून आत असेल तर त्याची वेळ शेजाऱ्यांना विचारून ठेवा. मऊ पाव भाजीबरोबर बरा. उंडा बाहेरून कडक असतो, रश्शात बुडवायला उत्तम. पोई कोंडा लावलेली आणि आतून पोकळ असते, तिच्यात ऑम्लेट किंवा भाजी भरून डब्यात नेता येते. उरलेली पोई दुसऱ्या दिवशी पाण्याचा हात लावून तव्यावर गरम केली की पुन्हा मऊ होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम पाव बांधून ठेवू नका, घामानं ओला होऊन गोव्याच्या हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरतो. कापडात गुंडाळा.

संध्याकाळी गाड्यांवर रोस ऑम्लेट मिळतं: ऑम्लेटवर शागुतीचा (कोंबडीच्या मसालेदार कालवणाचा) रस्सा, कांदा, लिंबू, सोबत पाव. रात्रीचं जेवण म्हणून घ्यायचं असेल तर दोन अंड्यांचं मागा, त्यातून 12 ग्रॅम प्रथिनं येतात, पावाची वेगळी. गाडा निवडताना रश्शाचं पातेलं पाहा. ते सतत मंद उकळत असेल तर ठीक. विस्तव बंद करून कोमट ठेवलेला रस्सा नको. विकायला ठेवलेलं गरम अन्न 60 अंश सेल्सियसच्या वर राहायला हवं, आणि तशा रश्शातून वाफ निघताना दिसतेच.

महिन्याचा डबा लावताना

डबा देणाऱ्या ताई-मावशी बहुतेक ठिकाणी घरातूनच काम करतात. जेवण चांगलं असतं, व्यवहार तोंडी असतो आणि वाद होतो तो व्यवहारावरून. म्हणून पैसे भरण्याआधी तीन दिवसांचा नमुना डबा घ्या, सलग नव्हे: एक सोमवारी, एक बुधवारी, एक शनिवारी. तिन्हीत भाजी वेगळी आहे का, मासळीचा दिवस कोणता आणि शनिवारी शुक्रवारचं काही फिरून येतं का, हे त्यातून कळतं.

डबा उघडल्यावर पाहायचं ते असं. पोळ्यांची संख्या सांगतात, वजन सांगत नाहीत. तीन पोळ्या प्रत्येकी 25 ग्रॅमच्या आणि तीन प्रत्येकी 40 ग्रॅमच्या यांत दीडपटीहून जास्त फरक आहे. भाजीच्या पुड्यात तेलाचा तवंग बाजूला सारून भाजी तोला, 100 ग्रॅमच्या आत असेल तर ती चटणीसारखीच पुरते. डाळ चमच्यानं तळापासून ढवळा, वर पाणी आणि तळाला गाळ असेल तर ती वाढवण्यासाठी पाणी घातलेलं आहे.

मग अटी बोलून घ्या, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्यांचं 'हो' मिळवा. महिन्यात किती डबे? रविवार धरून की सोडून? सुट्टी किती वाजेपर्यंत कळवायची? कळवलेल्या सुट्टीचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात का? चतुर्थीला, शिगम्याला, नाताळात त्या गावी जातात तेव्हा काय? गोव्यात चतुर्थीत चार-पाच दिवस डबे बंद असणं अगदी साहजिक आहे, ते आधी माहीत हवं एवढंच.

दर काढताना महिन्याच्या रकमेला 30 नं भागू नका. समजा 26 डब्यांचे 3,120 रुपये ठरले, म्हणजे डबा 120 रुपयांना. पण शनिवार-रविवार जोडून गावी गेल्यामुळे, ऑफिसच्या जेवणामुळे तुम्ही 21 च खाल्ले आणि पैसे परत नाहीत, तर डबा 149 रुपयांना पडला. महिन्याला चारपेक्षा जास्त सुट्ट्या होत असतील तर मासिक डब्यापेक्षा कूपनपद्धत बरी: 10 किंवा 20 डब्यांचे पैसे आगाऊ, वापराल तसे वजा. बऱ्याच जणी याला तयार होतात, फक्त विचारावं लागतं. आणि इथेही भाताची रीत लागू होते. "भात नको, भाजी आणि आमटी वाढवून द्या" असं सांगितलं तर त्यांनाही सोपं जातं आणि तुम्हाला चांगला भाग जास्त मिळतो.

डबा स्टीलचाच असू द्या. दुपारी एकला खायचा डबा सकाळी आठला बंद होत असेल तर ओल्या नारळाच्या वाटणाचा रस्सा आणि भात हे दोन्ही धोक्याचे. गरम भात घट्ट बंद डब्यात तासन्‌तास कोमट राहिला की त्यातल्या जिवाणूंचे टिकून राहिलेले बीजाणू वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानंही नष्ट होत नाही. एवढ्या अंतराचा डबा असेल तर पोळी, सुकी भाजी आणि उसळ असाच मागवा.

दुकानातली पाकिटं

पाऊस धो धो पडत असताना, रात्री उशिरा, आजारपणात पाकीट कामाला येतं. रोजचं जेवण म्हणून ते महाग पडतं. प्रकार मुख्यतः तीन. पहिला बंद पाऊचमधला शिजवलेला पदार्थ, राजमा, छोले, डाळ वगैरे. तो पाऊचमध्येच 121 अंशांच्या आसपास तापवून निर्जंतुक केलेला असतो, म्हणून फ्रिजविना टिकतो. दुसरा गरम पाणी घालायचा वाळवलेला पोहे-उपमा. तिसरा गोठवलेला, पराठे आणि तत्सम.

घेताना पुढची चित्रं सोडून मागची बाजू वाचा. एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंमत छापलेली असते. दोन पाकिटांची तुलना तिच्यावरून करा, पाकिटाच्या आकारावरून नव्हे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. राजम्याच्या पाकिटावर पहिलं नाव पाणी आणि राजमा तिसरा असेल तर रस्सा विकत घेताय. पोषणाचा तक्ता 100 ग्रॅमला असतो, पाकीट 300 ग्रॅमचं असतं, म्हणून तीननं गुणा. सोडियम 100 ग्रॅमला 400 मिलिग्रॅम असेल तर पूर्ण पाकिटात 1,200. त्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं: 3 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं. म्हणून पाकिटातला रस्सा अर्धाच घ्या किंवा त्यात उकडलेलं कडधान्य, चिरलेला टोमॅटो घालून दोन जेवणांना पुरवा. मीठही निम्मं होतं, किंमतही. सोबतची काकडी-टोमॅटो-कोबी फलोत्पादन महामंडळाच्या भाजीच्या गाळ्यावरून घ्या, तिथे बाजारापेक्षा बहुधा स्वस्त मिळते.

पाऊच न उघडता उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. चांदीसारखा कागद असलेला पाऊच मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. फुगलेला, चिकट झालेला, शिवणीला पाझरणारा पाऊच एक रुपयालाही घेऊ नका. गोठवलेल्या पाकिटात पराठे एकमेकांना चिकटून एक गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचे मोठे खडे असतील तर ते मध्येच वितळून पुन्हा गोठलेलं आहे. पावसाळ्यात वीज जाण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून जूननंतर गोठवलेला माल जनरेटर असलेल्या मोठ्या दुकानातूनच घ्या. पोळी-पराठ्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे, हेही बिलावर पाहून घ्या.

शेवटच्या तारखेजवळ आलेला माल सवलतीत ठेवतात. पाऊच असेल तर घ्या आणि त्याच आठवड्यात संपवा. क्रीम, अंडं किंवा मांस घातलेला बेकरीचा पदार्थ मात्र रात्री सवलतीत मिळाला तरी तो दिवसभर कुठे ठेवला होता ते पाहून मगच.

मोबाइलवरून मागवताना

ॲपवरची किंमत आणि त्याच दुकानातल्या फळ्यावरची किंमत बऱ्याचदा वेगळी असते. तिच्यावर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी आणि 5 टक्के जीएसटी लागतो. सवलतीचं कूपन ठरावीक रकमेच्या वरच लागू होतं, त्यापायी माणूस नको असलेला पदार्थ जोडतो. शेवटचं एकूण बिल भागिले पोटात गेलेली जेवणं, एवढाच आकडा खरा. दुकान दोन किलोमीटरच्या आत असेल तर फोन करून सांगा आणि येताना उचलून आणा, स्वतःचा स्टीलचा डबा घेऊन. डब्यात देताना रस्सा थोडा जास्तच पडतो.

बिलाच्या दोन गोष्टी. बिलावर खाद्यपरवान्याचा 14 अंकी क्रमांक असायला हवा, 1 जानेवारी 2022 पासून तो सक्तीचा आहे. आणि जीएसटी लावला असेल तर 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा. तो नसेल तर कर आकारण्याचा हक्कही नाही. अन्नाबद्दल गंभीर तक्रार असेल तर बांबोळीतल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. बिल, पार्सलचा फोटो आणि शक्य असेल तर उरलेलं अन्न फ्रिजमध्ये ठेवून द्या.

एका पार्सलची दोन जेवणं

ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांना बचतीचा सर्वांत मोठा मार्ग इथे आहे. दुपारी पूर्ण हुमणाचं पार्सल आणा. खायला बसण्याआधीच अर्धं वेगळं काढा, उष्ट्या चमच्याचा संबंध येऊ देऊ नका. माशाचे तुकडे आजच संपवा, उद्यासाठी रस्सा ठेवा. काढलेला भाग पसरट स्टीलच्या ताटलीत ओता, म्हणजे लवकर निवतो, आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दोन तासांच्या आत ठेवायचा हा नियम, पण गोव्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात एका तासाच्या आत. नारळाचा रस्सा बाहेर राहिला की आधी वरच्या थरात बारीक बुडबुडे येतात, मग आंबूस वास. बुडबुडे दिसले की चव न घेता टाकून द्या.

फ्रिज नसेल तर उरवू नका, अर्धं पार्सल मागा. रोजच्या गिऱ्हाइकाला बहुतेक खाणावळी ते देतात.

ठेवलेल्या रश्शाची दुसऱ्या दिवशी सकाळी काल्ची कोडी, म्हणजे कालचं आटवलेलं कालवण, करायची. जाड बुडाचं छोटं पातेलं घ्या. रस्सा त्यात ओतून आधी मोठ्या आचेवर खळखळ उकळी येऊ द्या, दोन मिनिटं. मग आच अगदी मंद करा आणि झाकण न ठेवता आटवा. दर मिनिटाला तळ खरवडत ढवळायचं, कारण नारळ लगेच लागतो आणि लागला की कडवटपणा सगळ्या रश्शात उतरतो. आठ-दहा मिनिटांत रस्सा मूळच्या निम्म्यावर येतो, रंग गडद होतो, कडेला तेल सुटतं आणि चमचा फिरवला की तळाला वाट उमटते. तिथे आच बंद करा. मीठ घालू नका, आटल्यामुळे ते वाढलेलंच असतं. फार खारट वाटली तर दोन चमचे गरम पाणी आणि एक आमसूल. दोन उंडे मोडून, सोबत एक उकडलेलं अंडं घेतलं की नाश्ता झाला. नव्यानं लागलेला खर्च म्हणजे पाव आणि अंडं. काल्ची कोडी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायची नाही, त्याच सकाळी संपवायची.